नापासाची नोंद आणि परदेशचे दार

परदेशी शिक्षणासाठी अर्ज करणाऱ्या मुलाला हल्ली निबंध लिहावा लागतो, शिफारसपत्रे जोडावी लागतात, बँकेचे कागद दाखवावे लागतात. ही सारी कामे कष्टाची खरी, पण त्यांत नैतिक पेच असा काही नाही. पेच उभा राहतो तो एका साध्या रकान्यापाशी. आजवर ज्या ज्या संस्थेत शिकलात तेथील सर्व परीक्षांचे निकाल द्या, असे तेथे विचारलेले असते. ज्याची गुणपत्रिका स्वच्छ आहे तो हा रकाना दोन मिनिटांत भरून पुढे जातो. ज्याच्या गुणपत्रिकेवर एखाद्या विषयापुढे नापासाची खूण आहे, त्याचा हात मात्र तेथे थांबतो. मग घर विचार करू लागते आणि सल्ला देणारे शेजारी जमतात. नापास झालेले विषय सांगावेत की गाळावेत? गाळले तर ते खोटे होते काय? आणि सांगितल्यामुळे दार बंद झाले, तर त्या खरेपणाची किंमत कोणी भरायची? ह्या तीन प्रश्नांचा विचार ह्या लेखात करावयाचा आहे.

प्रश्न पुस्तकी वाटू नये म्हणून तो एका खऱ्या ठिकाणी नेऊन ठेवू. दुबईत जेबेल अलीच्या बाजूला, इब्न बतूता मॉलजवळ, डिस्कव्हरी गार्डन्स नावाची मोठी वसाहत आहे. नखील ह्या कंपनीने ती बांधली. तिच्या विभागांना झेन, मेडिटेरेनियन, मुघल, कॅक्टस अशी हौशी नावे आहेत, पण आतली घरे बहुतेक एका खोलीची, नाहीतर एक शयनगृह व हॉल एवढीच. २०२१ पासून वसाहतीच्या नावाचे मेट्रो स्टेशनही झाले आहे. ह्या घरांतून भारतीय कुटुंबे दाटीने राहतात आणि त्यांत आपली मराठी माणसेही आहेत. आपले वाडवडील पोटासाठी एडनला आणि कराचीला गेले, तशीच ही माणसे. फरक इतकाच की येथे कायमचे राहावयाचे नाही, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. राहणे नोकरीच्या व्हिशावर टांगलेले. वडिलांची नोकरी संपली की बिऱ्हाड आवरावयाचे. म्हणून अशा घरात मुलाची पदवी ही शोभेची वस्तू नसते. आईवडिलांचे म्हातारपण तिच्या आधारावर उभे असते.

असा एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. दुबईच्या भारतीय शाळेत बारावी झाला, इंजिनियरिंगला मुंबईस आला. आयुष्यात प्रथमच घराबाहेर, वसतिगृहात. पहिल्याच वर्षी गणित आणि मेकॅनिक्स ह्या दोन विषयांत गेला. मुंबईच्या भाषेत सांगावयाचे तर त्याला दोन ‘केट्या’ लागल्या. ‘अलाउड टू कीप टर्म्स’, म्हणजे नापास विषय डोक्यावर घेऊन पुढच्या वर्गात बसण्याची परवानगी, हा मुंबई विद्यापीठाचा जुना शिरस्ता आहे. मेकॅनिक्स दुसऱ्या खेपेस सुटला, गणित तिसऱ्या. शेवटच्या दोन वर्षांत मात्र त्याने चांगले गुण मिळविले आणि पदवी हाती आली. आता त्याला पुढील शिक्षणासाठी जर्मनीला किंवा इंग्लंडला जावयाचे आहे. एकीकडे काळही थांबत नाही. अमिरातीत २०२२ च्या ऑक्टोबरपासून अविवाहित मुलाला वडिलांच्या व्हिशावर पंचविसाव्या वर्षापर्यंत राहता येते. पूर्वी ही सवड याहून बरीच कमी होती. म्हणजे मुदत वाढली, पण मुदत ती मुदतच.

येथे सल्लागार येतात. पहिला म्हणतो, सहामाही गुणपत्रिका देऊच नका. सगळ्या परीक्षांची एकत्रित गुणपत्रिका द्या, तीत शेवटचे गुण तेवढे दिसतात. दुसरा म्हणतो, मधले वाया गेलेले वर्ष काकांच्या दुकानात काम केले म्हणून दाखवा, काका काही नाही म्हणणार नाहीत. तिसरा आवाज खाली करतो आणि म्हणतो, हवा तसा कागद करून देणारा माणूस माझ्या ओळखीचा आहे. तिघेही आपलेपणानेच बोलतात. म्हणूनच त्यांना तोडून टाकता येत नाही. त्यांचे म्हणणे तपासून पाहावे लागते.

तिसऱ्याचा विचार लवकर आटोपतो. खोटा कागद हा गुन्हा आहे, आणि ज्याला ते पटत नाही त्याला लेख वाचून पटणार नाही. दुसऱ्याचा सल्ला तोंडी खोटेपणाचा आहे. त्यात आणखी एक दोष असा की तो काकांनाही खोटे बोलावयास लावतो. खरा विचार करण्याजोगा आहे तो पहिला सल्ला, कारण एकत्रित गुणपत्रिका विद्यापीठानेच दिलेली असते. तिच्यातील अक्षर न् अक्षर खरे असते. मग खऱ्या कागदाने खोटे बोलता येते काय?

येते. आपले पूर्वज कोकणात तेलाचा घाणा चालवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या घाण्यावरच हा प्रश्न ठेवून पाहा. घाण्याचा बैल म्हातारा झाला आहे, हे तेल्याने गिऱ्हाइकाला सांगण्याचे कारण नाही. त्याचा तेलाशी संबंध नाही. पण तिळाच्या तेलात दुसरे तेल मिसळले असेल, तर गिऱ्हाईक विचारो न विचारो, ते सांगितलेच पाहिजे. आणि गिऱ्हाइकाने मुद्दाम विचारले, ‘तेल कधीचे काढलेले?’, तर तेल्याने नुसते ‘वास तर घेऊन पाहा’ म्हणणे हीसुद्धा फसवणूकच. वास चांगला असला तरीही. कारण त्याने विचारले एक आणि ह्याने उत्तर दिले दुसऱ्याच प्रश्नाचे.

यावरून तीन पायऱ्या दिसतात. विचारल्यावर खोटे सांगणे, विचारल्यावर गप्प बसणे, आणि न विचारता न सांगणे. पहिल्या दोन्ही सारख्याच, फक्त दुसरी अधिक सभ्य दिसते. तिसरी मात्र वेगळी आहे. ज्या विद्यापीठाला फक्त पदवीचे अंतिम गुण हवे आहेत, त्याने कशाला महत्त्व द्यावयाचे ते स्वतःच ठरविले आहे. त्याला एकत्रित गुणपत्रिका पाठविण्यात काही गैर नाही. तेथे आपणहून केट्यांचा पाढा वाचणे हा प्रामाणिकपणाही नव्हे, नुसते आत्मताडन होईल. पण जेथे प्रत्येक सहामाहीची गुणपत्रिका मागितली आहे, किंवा नापास विषय किती असे स्पष्ट विचारले आहे, तेथे एकत्रित कागद पुढे करणे म्हणजे वासाकडे बोट दाखविणे. इंग्लंडमध्ये पदवीचे अर्ज ज्या यूकास संस्थेमार्फत जातात, तिचा नियम नापास झालेल्या परीक्षाही लिहा असाच आहे. तेथे गाळणे ही दुसरी पायरी झाली. तात्पर्य, प्रश्न नीट वाचावा. निम्मी नीती वाचण्यातच आहे.

आपल्या शास्त्रकारांनी ह्या बाबतीत दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, त्या लक्षात घेण्यासारख्या आहेत. मिश्नेतील बाबा मेत्सिया ह्या भागाचा चौथा अध्याय खरेदी-विक्रीतील फसवणुकीबद्दल आहे. विकावयाची वस्तू रंगरंगोटी करून नवी भासवू नये, असे तेथे बजावले आहे. पण त्याच अध्यायात बोलण्यातून होणाऱ्या अन्यायाचाही विचार आहे, आणि जो माणूस आपली जुनी वाट सोडून सुधारला, त्याला त्याचे पूर्वीचे वर्तन काढून टोचू नये असे सांगितले आहे. नापास होणे हे पाप नव्हे, हे उघड आहे. तरी तुलनेने बोध होतो. एक नियम विकणाऱ्याला बांधतो, दुसरा विचारणाऱ्याला. अर्जदाराने लपवू नये आणि वाचणाऱ्याने टोचू नये. आपण बहुधा पहिला नियम मुलांना शिकवितो आणि दुसरा स्वतः विसरतो.

कारण टोचणी विद्यापीठाच्या कचेरीत सुरू होत नाही, घरात होते. ‘नापास’ हा शब्दच पाहा. इंग्रजीतला ‘पास’ घेतला, त्याच्या आधी ‘ना’ लावला, आणि असा पक्का मराठी शब्द बनला की तो विषयाला लावावयाचा सोडून आपण माणसाला लावू लागलो. एके काळी माणसाची ओळखच ‘मॅट्रिक फेल’ अशी करून देत. याउलट जुना शब्द किती समंजस आहे! ‘उत्तीर्ण’ म्हणजे पार गेलेला, पैलतीराला लागलेला. ‘अनुत्तीर्ण’ म्हणजे जो अजून पार गेला नाही तो. त्याची होडी चुकली, तो बुडाला नाही. पुढच्या होडीने तो जाईल. इस्राएलच्या विद्यापीठांत शिकलेल्या आपल्या मुलांना हे निराळे सांगावे लागत नाही. तेथे परीक्षेची ‘मोएद अलेफ’ अशी पहिली तारीख असते आणि ‘मोएद बेत’ अशी दुसरी असते, आणि दुसऱ्या तारखेला बसणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नाही. व्यवस्थेनेच दुसऱ्या होडीला नाव दिले म्हणून लाज गेली. मुंबईच्या केटीतही दुसरी होडी आहेच. पण तिच्यात बसणारा मान खाली घालून बसतो.

आता कोणी म्हणेल, हे सांगणे सोपे आहे. खरे सांगून परदेशचे दार उघडले असे कधी झाले आहे काय? झाले आहे. श्रीनिवास रामानुजन ह्यांचे उदाहरण पाहा. कुंभकोणमच्या कॉलेजात गणितापुढे इतर विषयांकडे लक्ष न दिल्याने त्यांची शिष्यवृत्ती गेली, आणि पुढे मद्रासला एफ. ए. च्या परीक्षेत ते दोनदा नापास झाले. १९१३ च्या जानेवारीत त्यांनी केंब्रिजच्या हार्डींना पत्र लिहिले तेव्हा आपण मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये वर्षाला वीस पौंडांवर कारकून आहोत आणि आपले विद्यापीठाचे शिक्षण झालेले नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकले. मग आपली गणिते मांडली. १९१४ साली ते इंग्लंडला गेले आणि १९१८ साली रॉयल सोसायटीचे फेलो झाले. येथे बारकाईने पाहण्याजोगी गोष्ट अशी की त्यांनी नापासांची यादी दिली नाही. ती कोणी मागितली नव्हती. पण आपण कोण नाही हे मात्र झाकले नाही. पदवी नसलेल्याने पदवीचा आव आणला नाही.

दुसरे उदाहरण आपल्या मराठी मुलखातले, आनंदीबाई जोशी ह्यांचे. त्या कुठल्या परीक्षेत नापास झाल्या म्हणून नव्हे, तर अटीत बसत नसतानाही अर्ज कसा करावा हे त्यांच्याकडून शिकावे म्हणून सांगतो. १८८३ साली पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला लिहिलेल्या पत्रात आपण प्रवेशाच्या सर्व अटी कदाचित पूर्ण करू शकणार नाही, हे त्यांनी मान्य केले. त्याच पत्रात, एवढ्या विरोधाला तोंड देऊन आपण का आलो आणि शिकून काय करणार, हेही ठामपणे सांगितले. कॉलेजने त्यांना घेतले, आणि १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. उणीव आणि हेतू एकाच पत्रात, एकाच आवाजात लिहिता येतात, हा त्या पत्राचा धडा आहे.

अर्थात रामानुजन आणि आनंदीबाई ही असामान्य माणसे. डिस्कव्हरी गार्डन्समधला आपला मुलगा साधा आहे. त्याच्यापाशी दाखवायला नवे प्रमेय नाही. त्याने लपविले आणि कोणाला कळले नाही, तर नुकसान कोणाचे? हा खरा आक्षेप आहे, आणि त्याला ‘खोटे कधी ना कधी बाहेर पडतेच’ असे उत्तर देणे पुरेसे नाही. पुष्कळदा ते बाहेर पडत नाही. म्हणून उत्तर दुसरीकडे शोधले पाहिजे.

नुकसान होते ते दुसऱ्या मुलाचे. त्यालाही दोनच केट्या लागलेल्या, त्याने मात्र त्या लिहिल्या. दोन अर्ज एकाच टेबलावर येतात. एक स्वच्छ दिसतो, एक डागाळलेला. जागा एक असेल तर ती कोणाला जाईल? लपविणारा विद्यापीठाला फसवितो असे आपण म्हणतो, पण विद्यापीठाचे फारसे काही जात नाही. जाते ते आपल्यासारख्याच एका घराचे. शिवाय हा हिशोब तेथेच संपत नाही. भारतातून जर्मनीला शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून ए. पी. एस. हे कागदपत्रांच्या खरेपणाचे प्रमाणपत्र आणावे लागते. त्यासाठी अठरा हजार रुपये शुल्क पडू लागले आणि निकालाची वाट पाहावी लागली. ज्याने आयुष्यात एक अक्षर खोटे लिहिले नाही त्यालाही ते चुकत नाही. काहींच्या खोट्याचा दंड असा सर्वांवर वाटून बसतो. २०२३ साली कॅनडात शेकडो भारतीय विद्यार्थ्यांवर देशाबाहेर जाण्याची पाळी येऊन ठेपली होती. एजंटाने जोडलेली प्रवेशपत्रे बनावट होती, आणि त्यांतील कित्येकांना ते ठाऊकही नव्हते. शेवटी तेथील सरकारला एकेक प्रकरण निराळे तपासावे लागले. आपला अर्ज दुसऱ्याच्या हाती सोपवून ‘तुम्ही बघून घ्या’ म्हणणाऱ्या प्रत्येक घराने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. सही आपली असते.

आता दुसरी बाजू. विद्यापीठाचा कागद म्हणजे काही वेदवाक्य नव्हे. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकाएकी लागू केली. निकाल महिनोन् महिने लांबले, उत्तरपत्रिकांचा घोळ झाला, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून काढण्यात आले. त्या वर्षी गुणपत्रिकेवर जे छापले गेले त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा असे कोण म्हणेल? म्हणून नोंद खरी सांगण्याचे कर्तव्य मुलाचे असेल, तर नोंदीकडे विवेकाने पाहण्याचे कर्तव्य वाचणाऱ्याचे आहे. नोंद काय घडले ते सांगते, का घडले ते सांगत नाही, आणि पुढे काय झाले ते तर मुळीच सांगत नाही. ती पोकळी भरण्याचा हक्क अर्जदाराला आहे, आणि तो त्याने बजावला पाहिजे.

तो कसा बजावावा? मराठीत ‘कारण’ आणि ‘सबब’ असे दोन शब्द आहेत. कारण सांगणारा आपली जागा सोडत नाही. सबब सांगणारा दुसऱ्याच्या मागे उभा राहतो. पहिल्या वर्षी घर सुटले, अभ्यासाची शिस्त मोडली, दोन विषय गेले, हे कारण झाले. प्राध्यापक शिकवीत नव्हते, पेपर अवघड काढला, ही सबब झाली, जरी त्यातले सगळे खरे असले तरी. आईचे आजारपण खरोखर आड आले असेल तर एका वाक्यात लिहावे. पण तिच्या दुखण्याला अर्जाचा दागिना करू नये. चार-पाच ओळी पुरतात. काय झाले, मी काय केले, आणि त्यानंतरचे कोणते गुण त्याची साक्ष देतात. तिसऱ्या खेपेस गणित सुटले, आणि नंतर गणितावरच उभे असलेले विषय चांगल्या गुणांनी झाले, असे ज्याला लिहिता येते त्याने लाजण्याचे काय कारण? तो तर तीन वेळा नदीत उतरून पार गेलेला माणूस आहे.

आणि तरीही दार बंद झाले तर? होईल, कधी कधी नक्की होईल. काही विद्यापीठे ठराविक संख्येहून जास्त नापास विषय असलेला अर्ज वाचतही नाहीत. ह्या बाबतीत मुलांना खोटी आशा दाखवू नये. पण जगात एकच दार नसते. जर्मनीत भारतीय गुणांचे रूपांतर पुष्कळ ठिकाणी ज्या सूत्राने होते त्यात अंतिम गुण धरतात, किती खेपा झाल्या ते नव्हे. दुबईतच, डिस्कव्हरी गार्डन्सपासून फार दूर नाही अशा ठिकाणी, परदेशी विद्यापीठांच्या शाखा आहेत. दोन वर्षे नोकरी करून मग अर्ज केला तर जुन्या गुणपत्रिकेशेजारी नवा पुरावा उभा राहतो. बंद झालेले दार हे खरेपणाचे नुकसान आहे, हे कबूल. पण ते एकदाच होते. खोटे सांगून उघडलेले दार मात्र दर वेळी नव्याने उघडावे लागते. व्हिशाच्या अर्जात, नोकरीच्या चौकशीत, परवान्याच्या कागदांत तेच खोटे पुन्हा जसेच्या तसे आठवून लिहावे लागते. ज्या पदवीसाठी एवढे केले तिच्याकडे मोकळेपणाने पाहताही येत नसेल, तर ती कमावली असे कसे म्हणावे?

शेवटी एक शब्द आईवडिलांसाठी. मुलगा रकान्यापाशी थांबतो तो विद्यापीठाच्या भीतीने कमी आणि आपल्या भीतीने अधिक. एका खोलीच्या घरात काही लपत नाही, तरी नापासाचा विषय मात्र वर्षानुवर्षे लपवून ठेवला जातो. शेजाऱ्यांना सांगत नाहीत, गावाकडच्या आत्या-मावश्यांना सांगत नाहीत. ज्या घरात ती गोष्ट उच्चारायची बंदी आहे, त्या घरातल्या मुलाने ती परक्या देशाच्या अर्जावर निर्भयपणे लिहावी ही अपेक्षा कशी करावी? खरे बोलण्याचा सराव आधी जेवणाच्या ताटावर व्हावा लागतो. ‘दोन विषय गेले, तिसऱ्या खेपेस सुटले’ हे वाक्य ज्या मुलाला वडिलांसमोर सरळ आवाजात म्हणता येते, त्याला ते जगात कोठेही लिहिता येईल. मग त्याचा अर्ज मान्य होवो अथवा न होवो, तो मुलगा अनुत्तीर्ण राहिला असे कोणी म्हणू शकणार नाही.